उजव्या पायावर मोजलेलं पाणी

बुधवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी फख्री खानम अडतीस पायऱ्या उतरून आपल्या नवऱ्यात उभी होती. पाणी घोट्याच्या वर दोन बोटं. काल अडीच होतं. तिने वाकून उजव्या पायाला बोटं लावून खात्री करून घेतली, सलवारीची दुमडलेली कड नीट केली आणि रोजच्यासारखं म्हणाली, "उठलात का? वर चव्वेचाळीस डिग्री होणार आहे आज. तुमचं बरंय."

नवरा म्हणजे दौलतशाह कारीझ. शिरकूह डोंगराच्या पायथ्याशी एका आईविहिरीत, म्हणजे पहिल्या खोल विहिरीत, सुरू होणारा आणि जमिनीच्या पोटातून एकेचाळीस किलोमीटर चालत यज्द शहरात, नर्गिसान मोहल्ल्यात येणारा पाण्याचा पाट. वय सातशेच्या आसपास. फख्रीचं वय अठ्ठावन्न. लग्नाला एकोणीस वर्षं झाली.

कारीझचं पाणी अडखळायला लागलं की समजायचं, हा पुरुष आहे आणि एकटेपणाने चिडलाय. मग मोहल्ल्यातली एखादी विधवा बघून त्याचं लग्न लावून द्यायचं. रीत मूळची यज्दची नाही. पाटकरी मश हैदरच्या आजोबांनी ती अराक प्रांताकडून आणली. मोहल्ल्यातल्या मुल्लांनी तेव्हाच हात वर केले होते, "मी यात नाही, तुमचं तुम्ही बघा." तेव्हापासून लोक आपलं आपण बघतात. बायकोने रोज पाण्यात उभं राहायचं, शुक्रवारी आंघोळ करायची, दुसरा घरोबा करायचा नाही. बदल्यात जिन्याच्या तोंडाशी असलेली थंड खोली तिची आणि दर बारा दिवसांनी एक घटिकापात्र बुडेपर्यंतचं, म्हणजे अकरा मिनिटांचं पाणी तिचं. या अकरा मिनिटांवर फख्रीची सहा डाळिंबाची झाडं जगतात.

तिचा पहिला नवरा रहमत कारीझ खणणारा होता. तीस वर्षं तो साठ-साठ मीटर खोल उतरत राहिला आणि मेला मोटारसायकलवरून पडून, भर बाजारात, कुत्ताब मिठाईच्या दुकानासमोर. मश हैदर विचारायला आला तेव्हा फख्रीने दोनच प्रश्न केले होते. "दारू पितो का?" आणि "सासू आहे का?" दोन्हींचं उत्तर नाही आल्यावर ती हो म्हणाली. तेव्हापासून मोहल्ला तिला वहिनी म्हणतो. मुलगी शिराझला दिली आहे; ती दर ईदेला म्हणते, आई, ये आमच्याकडे. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि नळाला पाणी दिवसाआड. फख्री म्हणते, "इथे नवरा आहे माझा. त्याला सोडून कुठे येऊ?" हे ती गमतीने म्हणते की खरं, ते मुलीला अजून कळलेलं नाही.

आज नऊ वाजता तिला या नवऱ्याला सवत आणायच्या कागदावर अंगठा द्यायचा होता.

प्रकरण एका पत्रावरून सुरू झालं. शहराने दोन वर्षांपूर्वी 'तग धरणारं शहर' नावाचा प्रकल्प हाती घेतला. ऊन वाढतंय, दूरच्या नदीवरून नळाने येणारं पाणी महिन्यातले दहा दिवस येत नाही, तेव्हा जुने कारीझ जिवंत आहेत की मेलेत याची यादी करायची, जिवंतांना दुरुस्तीचा हप्ता द्यायचा आणि मेलेल्यांची तोंडं काँक्रीटने बंद करायची, असं ठरलं. प्रकल्पाचं कार्यालय नव्या काचेच्या इमारतीत आहे. वीज गेली की तिथे बसवत नाही, म्हणून उष्णतेवर उपाय शोधणारी माणसं दुपारी आसपासच्या मोहल्ल्यांतल्या जुन्या जिन्यांवर डबा खायला जातात. या कार्यालयाने वसंतात दौलतशाह कारीझमध्ये एक मापक बसवला. पाणी किती वाहतंय ते तो तारेविना कार्यालयाला कळवणार होता. आणि आता, मोर्दाद महिन्याच्या ऐन तापात, पत्र आलं: मापकाच्या नोंदीनुसार चार महिने प्रवाह शून्य, सबब कारीझ मृत, हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावी.

मोहल्ल्याने पत्र वाचलं तेव्हा खाली पाणी वाहत होतं. थोडं होतं, पण वाहत होतं.

सत्तर हिस्सेदार हादरले. त्यांचा प्रमुख हाजी गझनफर, पिस्त्याचा बागाईतदार, पोट पुढे आणि तसबीह हातात. त्याने पत्राचा अर्थ आपल्या परीने लावला. यंत्र खोटं बोलत नसतं. पाणी कमी होतंय हे तर सगळ्यांनाच दिसतंय. म्हणजे कारीझचं मन उडालंय. कुणावरून उडालंय? बायकोवरून. दोन वर्षांपूर्वी वहिनी मशहदला यात्रेला गेली आणि तेरा दिवस पाण्यात उतरली नाही, तिथूनच बिघडलं. उपाय एकच. दुसरी, तरणी बायको करून द्यायची, पाणी फुगेल, तसं कार्यालयाला लिहून कळवायचं. मुलगीही बघून झाली होती. मुलगी म्हणजे माहीन, वय चाळीस, विधवा, शिवणकाम करते.

दुसऱ्या लग्नाला पहिलीची संमती लागते. तेवढं मात्र हाजीने कायद्याला धरून करायचं ठरवलं. आणि संमती दिली की खोली आणि अकरा मिनिटं माहीनकडे जाणार, हेही कागदावर लिहिलं होतं. फख्रीला शिराझची गाडी धरावी लागणार होती.

माहीन काल संध्याकाळी स्वतःच येऊन बसली होती. कपड्यावरचे दोरे झटकत म्हणाली, "आबजी, थोरली बहीण तू, राग नको मानू. मला काय हौस आहे का? माझं दुकान पत्र्याचं. दुपारी इस्त्री गरम करावी लागत नाही, अशी गत. तुझी खोली थंड आहे, म्हणून हो म्हटलं."

"पाण्यात रोज उभं राहावं लागतं."

"किती वेळ?"

"गार पडेपर्यंत."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात ते उबदार असतात."

माहीनने जरा विचार केला. "बोलतात का काही?"

"माझ्या पहिल्याइतकंच," फख्री म्हणाली आणि तिच्यापुढे खडीसाखरेचा चहा सरकवला.

नऊ वाजता सगळे मोठ्या बादगीराखालच्या ओसरीत जमले. वीज साडेआठलाच गेली होती. बादगीर म्हणजे वारा पकडणारा मनोरा. सातशे वर्षांत त्याची वीज एकदाही गेलेली नाही, असं मश हैदर दर उन्हाळ्यात सांगतो. हाजी गझनफर मध्ये बसला. शेजारी मश हैदर, पाटकरी, वय चौऱ्याहत्तर, मांडीवर तांब्याचं घटिकापात्र. ते तो लग्नाला, मयताला, दवाखान्यातसुद्धा बरोबर नेतो. बायका एका बाजूला, माहीन त्यांच्यात. फख्री खांबाशी उभी राहिली.

"वहिनी, बसा ना," हाजी म्हणाला.

"उभ्याने अंगठा उठत नाही का?"

"तसं नाही हो. तुमचा मान आहे. थोरल्या तुम्हीच राहणार. फक्त खोली आणि पाणी..."

"म्हणजे मान माझ्याकडे आणि पाणी तिच्याकडे. मान घालू का डाळिंबांना?"

बायकांच्या बाजूला कुणीतरी हसलं. हाजीने तसबीहचे दोन मणी एकदम ओढले. "हे बघा, आपला मोहल्ला मरतोय. उद्या कारीझ बुजवला तर तुमची खोली कुठे राहणार? एका बाईने जरा बाजूला व्हायचं आणि सत्तर घरं जगायची, एवढाच प्रश्न आहे."

हिशेब सरळ होता. अंगठा दिला तर खोली जाणार, नाही दिला तर खोलीसकट सगळंच जाणार. तिने कागद हातात घेतला. शाईची डबी कुणीतरी उघडून धरली.

तेवढ्यात इंजिनियर नाहीद सोहराबी आत आली. प्रकल्पाच्या कार्यालयातली, चाळिशीची, घामाघूम, पाठीला पिशवी. मापकच तिने बसवला होता. शून्य प्रवाहाच्या कारीझवर शिक्का मारण्याआधी तो काढून न्यायला ती आली होती. पण खाली जाऊन आली तर मापक जागेवर नव्हता. आणि तिची पँट घोट्याच्या वर भिजली होती.

"खाली पाणी आहे," ती म्हणाली. आवाजात तक्रार होती.

"आहे ना," सगळे म्हणाले.

"मग माझं यंत्र शून्य कसं दाखवतं? आणि यंत्र कुठे आहे?"

मश हैदरने घटिकापात्र एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "यंत्र व्यवस्थित आहे, इंजिनियरबाई. काळजी नको."

"कुठे आहे पण?"

म्हातारा उठला, पलीकडच्या आपल्या घरी गेला आणि जरीच्या रुमालात बांधलेलं एक बोचकं घेऊन आला. रुमाल त्याच्या लग्नातला होता. आत मापक. एक ओरखडा नव्हता. हिरवा दिवा लुकलुकत होता.

"तुम्ही बसवून गेलात त्याच संध्याकाळी काढून ठेवला," तो अभिमानाने म्हणाला. "इतकी महागाची वस्तू पाण्यात ठेवतात होय? कपाटात होता. रोज पुसतो."

इंजिनियरबाई खांबाला टेकून हळूहळू खाली बसली. चार महिने तिचं यंत्र मश हैदरच्या कपाटातला प्रवाह मोजत होतं. कार्यालयाच्या तिमाही अहवालात तो आकडा छापलाही गेला होता, रंगीत आलेखासह.

"म्हणजे कारीझ मेला नाही!" हाजी उभा राहिला. "मिटलं! लिहून द्या."

"काय लिहून देऊ? मेला नाही म्हणजे जिवंत, असं आमच्याकडे नसतं. किमान दहा वर्षांच्या नोंदी लागतात. पाणी किती होतं, कधी घटलं, कशाने घटलं. ते नसेल तर नुसत्या हरकतीला अर्थ नाही. आणि मुदत उद्या संपतेय." तिने मश हैदरकडे पाहिलं. "तुमच्या वहीत आहे का?"

"वहीत पाळी असते. कुणाचं पाणी कधी. किती वाहतंय ते कशाला लिहायचं? ते वहिनीला माहीत."

"कुणाला?"

"बायकोला. रोज उभी राहते ती."

इंजिनियरबाईने फख्रीकडे पाहिलं. फख्रीच्या एका हातात कागद होता, दुसऱ्या हाताचा अंगठा शाईवर टेकायच्या बेतात होता. "खानम, तुम्हाला आठवतं?"

"नवरा कुठपर्यंत यायचा ते बायकोला आठवत नाही होय?" फख्री म्हणाली.

पुढचा पाऊण तास यज्द शहराच्या हवामान प्रकल्पाचं शास्त्रीय काम ओसरीत चाललं. इंजिनियरबाईने पिशवीतून पट्टी काढली. आधी पायाचं प्रमाण ठरवावं लागलं.

"डावा की उजवा?"

"उजवा. डावा रहमतच्या मोटारसायकलने तिरका झालाय."

"चप्पल?"

"नवऱ्यापुढे चप्पल कोण घालतं?"

"एकोणीस वर्षांत उंची कमी झाली असेल तुमची."

"वरून झाली असेल. गुडघ्याखाली तेवढीच आहे."

हे इंजिनियरबाईला पटलं. बायकांनी चादरीचा आडोसा धरला. माहीनने पट्टीचं दुसरं टोक धरलं. शिवणकामातली असल्यामुळे ती पट्टी सैल पडू देत नव्हती. टाच ते घोटा, घोटा ते पोटरी, पोटरी ते गुडघा, सगळं मिलिमीटरमध्ये उतरवलं गेलं. बोट म्हणजे किती, तेही मोजलं. मग आडोशाआडून फख्रीचा आवाज यायला लागला आणि इंजिनियरबाई लिहू लागली.

"लग्न झालं तेव्हा गुडघ्याच्या वर चार बोटं. आठ वर्षं तसंच. मध्ये एक कोरडं वर्ष आलं, तेव्हा गुडघ्याला टेकलं, पुढच्या वसंतात परत चढलं. त्यांचं तसं असतं, रुसतात, येतात."

"मग घटलं कधी?"

"अकरा वर्षांपूर्वी, आबान महिन्यात. चाळीस दिवसांत गुडघ्याखाली आलं आणि परत चढलंच नाही."

"महिना इतका नक्की कसा आठवतो?"

"त्या महिन्यात घरोघर आशचं दाट सूप वाटलं होतं ना. मोठी पातेली. शेंगदाण्याएवढे वाटाणे होते त्यात, कच्चे. माझा दात दुखला." फख्री थांबली. "हाजींच्या बागेत विंधन विहिरीला पाणी लागलं, त्याचा आश."

ओसरीत चुळबूळ झाली. तो आश सगळ्यांनी खाल्ला होता.

"पुढे?"

"पुढे चार वर्षं पोटरीच्या वर. मग एका महिन्यात पोटरीच्या मध्यावर. तेव्हा मेंढा कापला होता. विहीर आणखी खोल नेली त्याचा. मलाही फऱ्याचा तुकडा आला होता, चांगला होता. मग दोन वर्षांपूर्वी घोट्याशी. तेव्हा दोन मेंढे."

"तेव्हाच तर तुम्ही मशहदला गेलात!" हाजी ओरडला.

"यात्रेहून आले तेव्हा माझ्या वाटणीचं मटण ताटाखाली झाकून ठेवलेलं होतं, हाजी. वास यायला लागला होता. म्हणजे आधी मेंढे, मग यात्रा."

लोक मनात जेवणं मोजत होते. ते दिसत होतं. जितकी मोठी मेजवानी, तितकं पाणी खाली. सत्तर घरांनी अकरा वर्षं आपल्याच पाण्याच्या ओसरण्याचं जेवण घेतलं होतं, आणि कोथिंबीर कमी पडली म्हणून नावंही ठेवली होती.

आडोसा खाली आला. फख्रीने सलवार सारखी केली आणि संमतीचा कागद हाजीपुढे धरला. "यात चूक आहे. इथे लिहिलंय, दुसऱ्या बायकोला माझी संमती. माहीन दुसरी नाही. तिसरी आहे."

"तिसरी? मग दुसरी कोण?"

"तुमच्या बागेतली. दोनशे दहा मीटर खोल, विजेवर चालते. अकरा वर्षं माझा नवरा रोज रात्री तिकडे जातो आणि तुम्ही मला विचारता, तुझ्यावरून त्याचं मन का उडालं? तिला आणताना माझा अंगठा घेतला होता का कुणी?"

मश हैदरने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. बायकांमधून एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "अगं बाई, खरंच की."

"विहिरीला परवाना आहे," हाजी म्हणाला.

"माझ्या लग्नाला तुम्ही साक्षीदार आहात."

हाजीने मदतीसाठी माहीनकडे पाहिलं. ती पट्टी गुंडाळत होती. "माझं नाव काढा, हाजी. आबजीची सवत झाले असते. पंपाची सवत मी होणार नाही. त्याला तर रात्रभर झोपही लागत नाही."

इंजिनियरबाईने वर न बघता विचारलं, "विहीर कारीझपासून किती अंतरावर?"

"लांब आहे," हाजी म्हणाला.

"चारशे पावलं," मश हैदर म्हणाला. हाजीने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर त्याने जीभ चावली असती, पण मश हैदरला आता आपला कपाटाचा डाग धुऊन काढायचा होता. "मी मोजलीत. चारशे बारा."

इंजिनियरबाईने समजावून सांगितलं. ती ठरलेल्या सरकारी आवाजात बोलत होती, त्यामुळे लोकांना ते जास्त खरं वाटलं. हरकतीच्या अर्जात जवळच्या सगळ्या विहिरी लिहाव्या लागतात. विहीर चालू असताना कारीझ घटत असेल तर कार्यालय तो मृत धरणार आणि बुजवणार. विहीर काही दिवस बंद ठेवून पाणी चढलं, असं दाखवता आलं तर कारीझ जिवंत ठरणार.

"मोर्दादमध्ये विहीर बंद?" हाजीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पिस्ता भरायचा महिना आहे, इंजिनियरबाई. दाणा पोकळ राहील." ते खरं होतं. त्याची दोनशे झाडं होती आणि त्यातली निम्मी त्याने बापाच्या हाताखाली लावली होती.

"दाणा एक वर्ष पोकळ राहील," म्हातारी म्हणाली. "वहिनीचे हे तर सातशे वर्षं भरले आहेत."

घासाघीस दुपारच्या बांगेपर्यंत चालली. हाजी दहा दिवसांवर अडून होता, मोहल्ला चाळीसवर. शेवटी एकवीसवर जमलं. कारीझच्या सगळ्या पाळ्यांमधून अर्धं-अर्धं घटिकापात्र पाणी हाजीच्या झाडांना द्यायचं, म्हणजे निदान झाडं मरणार नाहीत. फख्रीनेही आपल्या अकरा मिनिटांतली साडेपाच दिली. डाळिंबांपैकी कुठल्या तीन झाडांना आता पाणी द्यायचं नाही, ते तिने तिथे बसल्या बसल्या ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

आणि खोलीचं? तेही लिहिलं गेलं, कारण हाजी फुकट काही सोडणारा नव्हता. एकवीस दिवसांत पाणी पोटरीच्या मध्यापर्यंत चढलं तर संमतीचा कागद फाडायचा. नाही चढलं तर फख्रीने अंगठा द्यायचा आणि मोहल्ल्याने दुसरी कुणी बघायची. फख्रीने कागद वाचून घेतला, एक शब्द बदलायला लावला, 'पाय'च्या जागी 'उजवा पाय', आणि मगच शाईला हात लावला.

इंजिनियरबाईला शेवटची अडचण आली ती अर्जात. 'मापनाचे साधन' असा एक रकाना होता आणि त्यात कंपनीचं नाव, बसवल्याची तारीख आणि शेवटची तपासणी लिहायची होती. तिने बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग लिहिलं: फख्री, एकोणीस वर्षांपूर्वी, आज. कंपनीच्या जागी रेघ मारली. मापक तिने परत खाली बसवायला मश हैदरकडे दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, "रात्री तरी काढून ठेवू ना?"

दुपारी चार वाजता वीज आली आणि पाच वाजता हाजीने मोहल्ल्यातल्या सहा जणांसमोर पंपाचा खटका खाली केला. पेटीला कुलूप लागलं. किल्ली माहीनकडे ठेवायची ठरली, कारण तिला कुणाचीच बाजू घेऊन काही मिळणार नव्हतं. फख्री तिथे गेली नाही. ती खोलीत बीट आणि मसुरीची शूली शिजवत होती. इंजिनियरबाई जाताना दारात थांबली.

"खानम, खरं सांगा. चढेल?"

"रुसलेला माणूस कधी परत येतो ते कुणी सांगावं?" फख्रीने व्हिनेगरची बाटली उघडली. "पण आज दुपारी मी परत उतरले होते. दोनच बोटं होतं. सकाळपेक्षा कमी नव्हतं. बाकीच्या दिवशी वीज असते, पंप चालतो, तेव्हा दुपारी कमी असतं. जेवून जा."

"उद्या येते. मोजायला माझी पट्टी लागेल."

"बोटं आहेत माझी."

"कार्यालयाला बोटं चालत नाहीत."

उद्या गुरुवार, कार्यालयाला सुट्टी. हरकतीचा अर्ज दारावरच्या पेटीत टाकला जाईल; पेटी शनिवारी सकाळी साडेसातला उघडतात. मश हैदरच्या वहीप्रमाणे उद्याची पहिली पाळी हमामाची आहे, सहा ते सात. त्यामुळे मोजमाप त्याआधी, पाच चाळीसला, उजव्या पायावर घेतलं जाईल.